१:१२ मापाच्या पलंगावरची गोधडी पापडासारखी ताठ राहते (गादी, मच्छरदाणी, पॉलिशचेही प्रश्न)

माजघर

वाड्याच्या बाहुलीघरासाठी चार खांबी पलंग करते आहे. माप १:१२, म्हणजे खरा १ फूट तो इथे १ इंच. खरा पलंग ५ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब धरला आहे, त्यामुळे बाहेरून बाहेर १२७ × १६५ मिमी. बाजूच्या पट्ट्या ५ मिमी जाड, म्हणून आत ११७ × १५५ मिमी जागा उरते. गादी ज्या पट्ट्यांवर टेकणार त्यांची उंची जमिनीपासून ३८ मिमी, मच्छरदाणीच्या खांबांचं टोक १६५ मिमीवर.

गोधडीसाठी पातळ सुती कापडाचे ९ मिमीचे चौकोन इस्त्रीने चिकटणाऱ्या जाळीवर लावले, मध्ये पॉलिएस्टरचं पातळ वॅडिंग घातलं आणि खाली अस्तर जोडलं. दिसायला छान आहे, पण अंथरली की दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या छपरासारखी बाहेर येते. धुऊन, इस्त्री करूनही खाली पडत नाही.

गादीचं कापड ११७ × १५५ अधिक शिलाईची माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) असं कापलं आणि कापूस भरला. ती मध्ये उशीसारखी फुगली, कोपरे गोल झाले आणि चारही बाजूंनी फट दिसते.

मच्छरदाणीला लग्नाच्या ओढणीचं नेट वापरलं, तर कोळ्याचं जाळं टाकल्यासारखं दिसतं.

चौथा प्रश्न लाकडाचा. खांब आणि पट्ट्या सागाच्या आहेत. फेव्हिकॉलने जोडून मग रंग आणि पॉलिश दिलं, तर सांध्यांजवळ फिकट डाग राहिले. पुन्हा रंग दिला तरी जात नाहीत. सगळं उखडून पुन्हा करायची तयारी आहे, पण आधी नेमकं काय चुकलं ते कळायला हवं.

उरेब

गोधडीपासून सुरुवात करते, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि ती फक्त तुमच्या शिवणीची नाही.

कापड लहान केलं म्हणून त्याचा ताठपणा त्याच प्रमाणात लहान होत नाही. समजा तुम्हाला खऱ्या कापडापेक्षा बरोब्बर १२ पट पातळ कापड मिळालं. तरीही ते स्वतःच्या वजनाने झुकायला लागणारी लांबी पाचव्या हिश्शाच्या आसपास येते, बाराव्या नाही. आपण तर १२ पट पातळ कापड वापरतही नाही, खऱ्या चादरीच्या जवळपास जाडीचंच वापरतो. घरात करून बघा: मलमलीची २५ मिमी रुंदीची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा आणि टोक साधारण ४० अंश खाली कधी झुकतं ते मोजा. नवी, खळ असलेली मलमल बहुतेक ३ सेंमीच्या पुढे गेल्यावरच झुकते. तुमच्या पलंगाची बाजू गादीच्या वरच्या पातळीपासून जमिनीपर्यंत जेमतेम ४५ मिमी आहे. म्हणजे कापड झुकायला लागेपर्यंत बाजू संपत आलेली असते. त्यात चिकटजाळी आली की कापडाचे दोन थर एकमेकांवर सरकू शकत नाहीत, ते एकच जाड पान होतं. दोन सुटे थर फक्त दुप्पट ताठ असतात, चिकटवलेले दोन थर आठपट. वॅडिंग वेगळंच.

म्हणून पहिला नियम: थर मोजा आणि त्यातला एकही चिकटवू नका. चिकटजाळी नको, वॅडिंग नको, अस्तरही जाड नको. वर एक थर, खाली एक थर, बस.

दुसरं म्हणजे ९ मिमीच्या चौकोनांचा हट्ट सोडता आला तर बघा. आपल्याकडची जुनी गोधडी एकसारख्या लहान चौकोनांची नसते. जुनं लुगडं किंवा धोतर अंथरून, त्यावर झिजलेल्या जागी ठिगळं लावून ती होते. वाड्यातल्या पलंगावर तशीच शोभते, आणि शिवणी कमी असल्याने लोळतेही (मऊपणे खाली पडतेही) जास्त. चौकोन जोडले की प्रत्येक शिवणीवर तीन थर येतात आणि चार कोपरे मिळतात तिथे गाठोडं होतं. ९ मिमीच्या चौकोनात दोन्हीकडे २ मिमी माया म्हणजे रुंदीतले ४ मिमी, जवळजवळ अर्धे, मायेचेच.

गोधडी अशी करा. पूर्ण माप १२७ × १७८ मिमी (खरी ५ × ७ फूट). वरचा आणि खालचा थर दोन्ही जुन्या, पुष्कळ धुतलेल्या मलमलीचे किंवा धोतराचे. कापड नवंच असेल तर गरम पाण्यात दोनदा धुवून खळ पूर्ण काढा. धावदोऱ्याने कापड आवळलं जातं, म्हणून दोन्ही थर १४० × १९० कापा. वरच्या थरावर चार ते सहा ठिगळं पुरेत, वेगवेगळ्या मापांची, २० ते ४५ मिमीची. नक्षी २ मिमीपेक्षा मोठी नको. ठिपके, बारीक चौकडी आणि जुन्या साडीचा अगदी अरुंद काठ चालतो. ठिगळाची कड १.५ मिमी आत दुमडून नखाने दाबा आणि वरून टाके घाला. दुमड दोनदा घालू नका.

मग दोन्ही थर २५ मिमी अंतरावर कच्च्या टाक्यांनी बांधा आणि धावदोरा कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत या. फेऱ्यांमध्ये २ मिमी अंतर, टाका १ मिमी. खऱ्या गोधडीच्या मापात टाका याहूनही बारीक हवा, पण १ मिमीच्या खाली गेलात की टाका कापडात बुडतो आणि दिसत नाही. सुई १० किंवा १२ नंबरची. सहापदरी भरतकामाच्या दोऱ्याचा एक पदर चालतो, पण तो पाव मिमीच्या आसपास असतो, म्हणजे खऱ्या मापात ३ मिमीची दोरी. साडीला फॉल लावायचा बारीक दोरा किंवा रेशमी दोरा जास्त बरा. सगळी गोधडी २ मिमीने भरायची तर धावदोरा सव्वाअकरा मीटर भरतो, दोरा १३ मीटर तरी काढून ठेवा. वेळ नसेल तर ३ मिमी अंतर ठेवा, दोरा साडेआठ मीटरमध्ये भागतो आणि लोळण थोडी सुधारतेसुद्धा.

दोरा ओढू नका. दर ५ सेंमीला कापड बोटाने सपाट करून थोडा सैल सोडा. आवळलेली गोधडी कडेने वर वळते आणि मग तिला कशानेही बसवता येत नाही. शेवटी कड कापून १२९ × १८० करा, १ मिमीची एकच दुमड आत घ्या आणि दोन्ही थर टाक्यांनी जोडा.

एवढं करूनही ती आपणहून खाली पडेल असं समजू नका. तिला बसवावं लागतं. गादीच्या मापाचा थर्माकोलचा ठोकळा घ्या, त्याला स्वयंपाकघरातली चिकटफिल्म गुंडाळा. गोधडी पाण्याने दमट करून वर घाला आणि घड्या हाताने पाडा. लटकणाऱ्या भागाला फक्त आतल्या बाजूने फेव्हिकॉलचं पाणी (१ भाग फेव्हिकॉल, ८ भाग पाणी) ब्रशने लावा आणि टाचण्या मारून एक दिवस सुकू द्या. वरून लावलं तर चमक येते. हे आधी कापडाच्या तुकड्यावर करून बघा, गडद रंगावर डाग लवकर दिसतो.

आणखी एक. जिथे खरंच लोळण हवी, उदाहरणार्थ पलंगपोसाची झालर, तिथे कापड उरेब कापा. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेपेक्षा तिरकं कापड खूप लवकर झुकतं. फक्त उरेब कड ताणू नका, ती लांब होऊन लाटांसारखी दिसते.

दोन सूत

लाकडाबद्दल. डाग कसे आहेत ते नीट बघा, कारण कारणं दोन असू शकतात. फिकटपणा फक्त सांध्यांपाशी असेल तर ते फेव्हिकॉल आहे. सांध्यातून बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या कापडाने पुसला की तो पातळ होऊन लाकडाच्या रंध्रांत शिरतो. वाळल्यावर दिसत नाही, पण तिथे रंग शोषला जात नाही. सगळीकडे दुधाळ पडदा असेल तर तो पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा, पावसाळी हवेत पॉलिश केल्यामुळे येतो. तो काढायला स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा हलक्या हाताने एकदा फिरवा, पडदा विरघळून जातो.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकारचं आहे. उखडायची गरज नाही. ब्लेडने डागावरचं पॉलिश खरवडा आणि त्यावर लाकडाचा रंग न लावता पॉलिशच रंगवून लावा. १०० मिली स्पिरिटमध्ये १५ ग्रॅम चपडी लाख रात्रभर विरघळवा, फडक्यातून गाळा, त्यात स्पिरिटमध्ये विरघळणारा तपकिरी रंग चिमूटभर घाला. हा थर लाकडात मुरत नाही, वर बसतो, म्हणून फेव्हिकॉल लागलेली जागाही झाकली जाते. बारीक ब्रशने तीन-चार पातळ थर द्या, दोन थरांमध्ये अर्धा तास.

पुढच्या वेळी उलट क्रम: सगळे भाग सुटे असताना रंग आणि पहिले दोन थर पॉलिश, नंतर जोडणी. मात्र जिथे गोंद लागणार ती खुंटी आणि भोक कागदी टेपने झाकून ठेवा. लाखेवर फेव्हिकॉल धरत नाही.

आता एक गोष्ट न विचारता सांगतो. साग नको. सागाची रंध्रं डोळ्यांनी दिसतात. पाव मिमीचं रंध्र धरलं तरी तुमच्या पलंगावर ती ३ मिमीची चर दिसते, म्हणजे पलंग कितीही नीट झाला तरी तो लहान लाकडाचा तुकडाच वाटतो. खऱ्या सागवानी पलंगासारखा दिसायला तो सागाचा नसलेला बरा. हळदू घ्या. पोत बारीक आणि एकसारखा असतो, खरादावर सुरेख उतरतो. तो मिळाला नाही तर काळा कुडा. कातकाम करणाऱ्याकडे दोन्हीचे उरलेले तुकडे मिळू शकतात. सागाचा रंग चपडी पॉलिशमध्ये आणता येतो.

खांब एकसंध १६५ मिमीचा करू नका. ५ मिमीची काठी तेवढ्या लांबीत फिरवली की मध्ये थरथरते आणि कानस लागताच मोडते. जुन्या पलंगांना मच्छरदाणीचे दांडे काढघाल करता येतात, तेच इथे करा: खालचा पाय ९ मिमीच्या चौकोनी तुकड्यातून ४५ मिमी, वरचा दांडा ५ मिमीच्या गोल काठीतून १२० मिमी, मध्ये २ मिमीची खुंटी ६ मिमी खोल. सांधा मण्याच्या आकाराच्या गोलाईखाली लपतो.

खराद नसेल तर हँड ड्रिल टेबलाला आडवं घट्ट बांधून चालतं. दुसरं टोक लाकडाच्या ठोकळ्यातल्या भोकात टेकवा, भोकात मेण लावा. गोलाईचा आराखडा कार्डावर कापून घ्या आणि चारही पायांवर पेन्सिलीच्या रेघा एकदमच मारा. एक पाय पूर्ण करून मग दुसरा घेतला की चारही वेगळे होतात. सुईकानसेने आकार, मग काचपेपर २२०, ४००, ६००. चष्मा लावा आणि हातमोजे घालू नका, फिरत्या काठीत मोज्याचा धागा अडकतो.

गादीखालच्या पट्ट्यांना कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या बऱ्या, ६ मिमी रुंद असतात आणि लांबी पुरते. ११७ मिमीच्या १३ काड्या ६ मिमी अंतराने लावल्या की १५० मिमी होतात, दोन्ही टोकांना अडीच-अडीच मिमी उरतं. आइस्क्रीमची काडी इथे आखूड पडते. काड्या टेकायला बाजूच्या पट्ट्यांना आतून ३ × ३ मिमीची पट्टी, म्हणजे जवळजवळ एक सूत (इंचाचा आठवा भाग).

पिंजण

गादी फुगण्याचं कारण साधं आहे. दोन सपाट तुकडे शिवून पिशवी केली आणि भरली की रुंदीतून जाडी वजा होते. ८ मिमी जाडी हवी तर पिशवी ११७ ची १०९ होणार. फट त्यामुळे पडली. शिवाय पिशवीच्या कडा पातळच राहतात, म्हणून मध्ये फुगा.

पट्टीची गादी शिवा. आतल्या जागेपेक्षा दोन्हीकडून २ मिमी लहान घ्या, चादर खोचायला जागा लागते. तयार माप ११३ × १५१ × ८ मिमी. माया ४ मिमी धरून वरचा आणि खालचा तुकडा १२१ × १५९, बाजूची पट्टी १६ मिमी रुंद आणि ५३६ मिमी लांब. पट्टी एका सलग तुकड्यातून नाही निघाली तर जोड कोपऱ्यात घ्या. कोपऱ्यावर पट्टीच्या मायेत ३ मिमी चीर दिल्याशिवाय कोपरा काटकोनात वळत नाही. एका लांब बाजूला ६० मिमी उघडं ठेवा.

कापड गादीपाटासारखं हवं असेल तर पट्ट्या १ ते २ मिमीच्या असलेलं शर्टाचं कापड शोधा, पट्टे लांबीच्या दिशेने. खरा गादीपाट वापरू नका, जाड पडतो आणि पट्टे प्रचंड दिसतात.

भरताना कापसाचे बोळे कोंबू नका, गाठी होतात. औषधाच्या दुकानातला कापसाचा रोल उलगडला की पापुद्रे सुटतात. ३ मिमी जाडीचा फेल्टचा तुकडा १११ × १४९ कापा, त्याच्या खाली दोन आणि वर दोन पापुद्रे ठेवा, सगळं दोऱ्याने सैल बांधून एकदम आत सरकवा. फेल्टमुळे गादीला सपाट पोट आणि थोडं वजन मिळतं.

मग कड. वरच्या कडेची शिवण बोटांत धरून दीड मिमीची गोट उभी करा आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालत चारही बाजू फिरा, खालच्या कडेलाही तसंच. खऱ्या गादीला आकार याच कडेमुळे राहतो, आणि इथेही. हा टप्पा गाळून थेट टाके घातले की कोपरे पुन्हा गोल होतात.

टाके रुंदीत ५ आणि लांबीत ७, एकूण ३५, एकमेकांपासून सुमारे १९ मिमी. मधल्या टाक्यापासून सुरू करून कडांकडे जा. कडेकडून सुरू केलं तर कापूस मध्ये गोळा होतो. प्रत्येक टाका खालून वर, १ मिमी बाजूला घेऊन परत खाली, दुहेरी गाठ. दीड मिमीपेक्षा जास्त खोल ओढू नका. वरच्या बाजूला सहापदरी दोऱ्याची छोटी गाठ अडकवून १ मिमीवर कापली की गादीवाल्याच्या गोंड्यासारखी दिसते.

उश्या आणि लोड विचारले नाहीत, पण पलंग त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. उशीत नुसता कापूस भरला तर ती गादीवर टेकत नाही, तरंगते. उशी ५५ × ३४ मिमी धरा. आतली पिशवी रुबियासारख्या घट्ट विणीच्या कापडाची, १ मिमीच्या टाक्याने दोनदा शिवलेली. बारीक चाळलेली वाळू धुऊन, तव्यावर कोरडी भाजून, गार करून ५ मिली भरा, वर कापसाचा एक पापुद्रा. दोन तृतीयांशच भरा, म्हणजे डोकं टेकल्यासारखा खड्डा पाडता येतो. खसखस किंवा रवा भरायला लोक सांगतात. भरू नका, किडे होतात. अभ्रा वेगळा, मलमलीचा.

लोड २० मिमी व्यासाचा, ७० मिमी लांब. त्यात कापूस नको, ७० मिमी रुंदीची जुनी मलमल घट्ट गुंडाळत १८ मिमीपर्यंत आणा. बाहेरचं कापड ७१ × ७८ मिमी, टोकाच्या चकत्या २८ मिमी व्यासाच्या, दोन्हीत ४ मिमी माया धरली आहे.

मलमल

मच्छरदाणीचं गणित असं. खऱ्या मच्छरदाणीचं छिद्र दीड-दोन मिमी असतं, म्हणजे तुमच्या पलंगाला साधारण ०.१५ मिमी हवं. ओढणीच्या नेटचं १ मिमीचं छिद्र इथे १२ मिमीचं होतं, त्यातून डासच काय पाखरूही जाईल. इतकं बारीक नेट बाजारात शोधण्यात वेळ घालवू नका. विणीचं कापडच घ्या. शुद्ध रेशमी शिफॉन एकेरी थरात नेटसारखं पारदर्शक दिसतं आणि लोळतं. ऑर्गंझा पारदर्शक असतो पण ताठ, त्याचा तंबू होतो. नायलॉन टाळा, कोरड्या हवेत वीज धरतं आणि खांबांना चिकटून बसतं. जखमेच्या पट्टीचं गॉज फार विरळ असतं आणि त्याचे धागे जाड.

चारही बाजूंना एकच पट्टी. घेर ५८४ मिमी, तोंड एकावर एक यायला ४० मिमी जास्त, म्हणजे ६२४. उंची खांबाच्या टोकापासून गादीखालच्या पट्ट्यांपर्यंत १२७, गादीखाली खोचायला १२, वर शिवायला ३, असे १४२ मिमी. छताचा तुकडा १३३ × १७१, म्हणजे चारही बाजूंनी ३ मिमी माया.

शिफॉन कापताना सरकतं, म्हणून कागदावर टाचून कागदासकट कापा. शिवतानाही खाली ट्रेसिंगचा कागद ठेवा आणि नंतर फाडून काढा. टाका १.२ मिमीपेक्षा मोठा ठेवला तर कागद नीट फाटत नाही आणि शिवण ओढली जाते.

छताची शिवण आणि खालची कड दोन्हीला ६ मिमी रुंद मलमलीची पट्टी लावा. खऱ्या मच्छरदाणीलाही कापडी पट्टी असते, त्यामुळे हे मापाला धरूनच आहे, आणि खालच्या पट्टीच्या वजनाने शिफॉन सरळ पडतं. चार कोपऱ्यांना दोऱ्याचे फास, ते २ मिमीच्या पितळी तारेच्या चौकटीला अडकवा. तार दांड्यांच्या टोकात बसवा म्हणजे मच्छरदाणी काढून धुता येईल.

माजघर

खूप मदत झाली, सगळ्यांचे आभार. फेल्टची पट्टीची गादी आणि रंगवलेलं पॉलिश आधी करते. दोन गोष्टी राहिल्या. गोधडीच्या दोन थरांमध्ये स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल घालून हवा तसा आकार देतात असं वाचलं. ते फेव्हिकॉलच्या पाण्यापेक्षा सोपं नाही का? आणि मच्छरदाणी लावलेल्या पलंगावर गोधडी बाजूने लटकवावी की नाही?

दोन सूत

फॉइल चालते. आकार लगेच बसतो, वाळायची वाट बघावी लागत नाही, बिघडला तर पुन्हा देता येतो. कापडाच्या कडेपेक्षा ५ मिमी आत कापा म्हणजे टोचून बाहेर येत नाही.

उरेब

गोधडीत फॉइल नको, दोन सूत. २ मिमीच्या धावदोऱ्याने फॉइलला हजारो भोकं पडतात आणि ती टाक्यांच्या ओळीवर कागदासारखी फाटते. शिवाय फॉइलला गोल वळण येत नाही, तीक्ष्ण मोड येतो, आणि एकदा पडलेला मोड कापडातून कायम दिसतो. रजईला मात्र जरूर वापरा. तिला टाके थोडे आणि लांब असतात, पोट फुगीर असतं, तिथे फॉइल उत्तम काम करते.

माजघर, लटकवण्याबद्दल: मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असेल तर गोधडी बाहेर लटकूच शकत नाही. ती पायथ्याशी घडी करून ठेवा. १२७ × १७८ ची गोधडी लांबीत दोनदा आणि रुंदीत एकदा दुमडली की साधारण ६३ × ४५ मिमीची घडी होते. कापडाचे १६ थर एकावर एक येतात, म्हणून ती स्प्रिंगसारखी उघडते. घडी दमट करून दोन सपाट फळ्यांमध्ये जड पुस्तकाखाली एक दिवस ठेवा, वाळेपर्यंत काढू नका. घडीच्या आत वरच्या पदरापासून २ मिमी खाली एक लपलेला टाका मारला की कायमची बसते. खोचलेली मच्छरदाणी आणि घडी घातलेली गोधडी ठेवलीत तर लटकण्याचा प्रश्नच राहत नाही. मला पलंग असाच जास्त खरा वाटतो.

पिंजण

एक दुरुस्ती सुचवते, उरेब. फेव्हिकॉलच्या पाण्याऐवजी काही जणी साबुदाण्याची किंवा मैद्याची खळ वापरतात, कारण चमक येत नाही. बाहुलीघरात ती नको. खळ लावलेल्या कापडाला कसर लागते आणि ती कापड कुरतडते. पावसाळ्यात त्यावर बुरशीही धरते. फेव्हिकॉलची चमक नको असेल तर पाणी ८ ऐवजी १२ भाग घ्या आणि दोनदा लावा, मध्ये पूर्ण वाळू द्या.

घर काचेच्या कपाटात असेल तर आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि महिन्यातून एकदा बदला. डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि काही प्लास्टिक मऊ पडून चिकटतं, आणि गोधडी बसवायचा ठोकळा आत विसरला असेल तर तो चिकटफिल्मसकट कापडाला लागतो.

मलमल

ठोकळा आत ठेवायचाच असेल तर थर्माकोलऐवजी हलक्या लाकडाचा करा, टाचण्या त्यातही जातात. आणि टाचण्या स्टेनलेस घ्या. दमट कापडात साधी टाचणी एका रात्रीत गंजते, आणि मलमलीवरचा गंज धुऊन निघत नाही.